पडत्या पिचरचा भाव

दर हिवाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, अमेरिकी बेसबॉलच्या बातम्यांत एक ओळ पुन्हा पुन्हा छापून येते: अमुक संघाने तमुक पिचरशी मायनर लीग करार केला असून त्याला सराव शिबिराचे निमंत्रण दिले आहे. (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि मायनर लीग म्हणजे सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगखालच्या साखळ्या.) शोहेई ओहतानीने २०२३च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सशी ७० कोटी डॉलरचा करार केला तेव्हा त्याची चर्चा जगभर झाली. या एका ओळीची चर्चा त्या पिचरच्या घराबाहेर फारशी होत नाही. मला मात्र मोठ्या करारांपेक्षा या ओळी वाचण्यात अधिक रस वाटतो. त्यांतले नाव बहुधा ओळखीचे असते, काही वर्षांपूर्वी ते गाजलेलेही असते, आणि मधल्या काळात खांदा, कोपर, उतरलेला वेग किंवा चेंडूवरचा सुटलेला ताबा यांपैकी काहीतरी आडवे आलेले असते.

या व्यवहाराचा हिशेब संघाच्या बाजूने अगदी सोपा आहे. मेजर लीगच्या संघाला एका वेळी २६ खेळाडू मैदानासाठी आणि एकूण ४० खेळाडू आपल्या मुख्य यादीत ठेवता येतात. मायनर लीग करारावर आलेला पिचर या ४० जणांत मोजला जात नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कोणाला काढावे लागत नाही. तो शिबिरात चालला तर त्याला वर घ्यायचे आणि मग मेजर लीगचे वेतन द्यायचे, जे २०२५मध्ये किमान ७ लाख ६० हजार डॉलर होते. नाही चालला तर हात मिळवून निरोप द्यायचा. दुसऱ्या बाजूला हंगाम १६२ सामन्यांचा असतो, म्हणजे संघाला साधारण १,४५० इनिंग, म्हणजे समोरचे तीन-तीन फलंदाज बाद करण्याच्या पाळ्या, कोणाकडून तरी टाकून घ्याव्याच लागतात. एवढा भार वाहणारे धडधाकट हात कोणत्याच संघाकडे पुरेसे नसतात.

पिचरच या बाजारात इतके का येतात, याचे उत्तर शरीरात आहे. डोक्यावरून पूर्ण ताकदीने चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर इतका ताण येतो की तो पुन्हा पुन्हा सोसण्यासाठी हा सांधा बनलेलाच नाही, असे वाटावे. १९७४मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. तो १९७६मध्ये मैदानात परतला आणि १९८९पर्यंत खेळला. आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया बेसबॉलमध्ये नेहमीची झाली आहे, परंतु तीतून सावरायला वर्षाहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात संघ दुसरा पिचर शोधतो. शिवाय फलंदाजाचा वाईट महिना संघ झाकून नेऊ शकतो. पिचरचा वाईट दिवस म्हणजे संघाचाच वाईट दिवस. म्हणून पिचरचा भाव झपाट्याने पडतो, आणि बऱ्याचदा तो त्याच्या खऱ्या योग्यतेच्याही खाली जातो.

मी नोकरीनिमित्त काही वर्षे पिट्सबर्गमध्ये राहिलो, तेव्हा या पडलेल्या भावाची ताकद जवळून पाहायला मिळाली. पायरेट्स हा तिथला संघ १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षे निम्म्याहून अधिक सामने हरला होता. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब अपयशाची मालिका दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेली नव्हती. ॲलेगेनी नदीकाठचे त्यांचे मैदान देखणे, समोर पिवळे पूल, मागे शहराच्या इमारती, आणि खेळ मात्र असा की ऑफिसातले लोक तिकिटे फुकट वाटत. संघमालकांना मोठी रक्कम खर्चायची नव्हती, त्यामुळे व्यवस्थापनाला इतरांनी टाकलेलेच उचलणे भाग होते.

त्यांनी उचललेल्यांत फ्रान्सिस्को लिरियानो मला सर्वांत विलक्षण वाटतो. डावखुरा, अंगात प्रचंड गुण, २०११मध्ये मिनेसोटाकडून एकही हिट न देता पूर्ण सामना टाकलेला. आणि तरी २०१२मधली त्याची सरासरी ५.३४. ही सरासरी म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरच्या माथी लागलेल्या धावा. ती ३च्या आसपास असली की पिचर उत्तम, ४ म्हणजे कामाचा, आणि ५च्या पुढे गेली की त्याने दुसरे घर शोधावे. पायरेट्सने त्याच्याशी २ वर्षांसाठी १ कोटी २७ लाख ५० हजार डॉलरचा करार ठरवला होता. तेवढ्यात नाताळात मुलांना चकित करण्याच्या नादात दारावर हात आपटून त्याने आपला उजवा हात मोडून घेतला. चेंडू टाकण्याचा हात डावा, पण करार पुन्हा लिहिला गेला आणि २०१३साठी हमीची रक्कम केवळ १० लाख डॉलर उरली. बाकीचे पैसे तो प्रत्यक्ष खेळला तर. मे महिन्यात तो मैदानात उतरला आणि हंगामअखेर त्याच्या नावावर १६ विजय, ८ पराभव आणि ३.०२ची सरासरी होती. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सिनसिनाटीविरुद्धच्या बाद सामन्यात त्याने ७ इनिंगमध्ये १ धाव दिली. त्या रात्री सारे मैदान काळ्या कपड्यांत आले होते आणि समोरच्या पिचरच्या, जॉनी क्वेटोच्या, नावाचा इतका गजर चालला होता की त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडला.

हे नशिबाने झाले असे म्हणून मोकळे होता येत नाही, कारण तसेच पुन्हा घडले. एडिन्सन व्होल्केझची २०१३ची सरासरी ५.७१ होती, पायरेट्सने त्याला ५० लाख डॉलरमध्ये एका वर्षासाठी घेतले आणि २०१४मध्ये ती ३.०४वर आली. २०१५च्या हंगामात मध्येच आलेला जे. ए. हॅप सिॲटलमध्ये झगडत होता. पिट्सबर्गमध्ये त्याने ७ सामने जिंकले, २ हरले आणि सरासरी १.८५ ठेवली. यामागे प्रशिक्षक रे सीरेज यांचा सबुरीचा स्वभाव होता, आणि एक ठरलेली पद्धतही होती. चेंडू खाली, गुडघ्याजवळ ठेवा, तो जमिनीवरून जाऊ द्या, क्षेत्ररक्षक आकडेवारी पाहून आम्ही आधीच त्या जागी उभे केले आहेत. आणि काठावरचा चेंडू पंचाला स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाच्या विरोधात मोजायचा, वाटावा इतक्या सफाईने फलंदाजामागे झेलणारा मार्टिनसारखा कॅचर पाठीशी आहे. म्हणजे पिचरला नवा माणूस व्हायला कोणी सांगितले नाही. त्याच्या चुकांची किंमत कमी होईल असे मैदान त्याच्याभोवती रचले. (त्याच व्होल्केझने २०१४च्या बाद सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन क्रॉफर्डला चार धावांचा होमरन दिला आणि पायरेट्सचा हंगाम तिथेच संपला. हेही सांगायला हवे, नाहीतर ही गोष्ट फारच गुळगुळीत होईल.)

पद्धतीचेही आयुष्य असते. फलंदाज खालचे चेंडू उचलून मारायला शिकले, आणि वर, छातीजवळ टाकलेला वेगवान चेंडू अधिक घातक ठरू लागला. पायरेट्सकडून निघालेला चार्ली मॉर्टन २०१६मध्ये फिलाडेल्फियाकडून जेमतेम ४ सामने खेळून मांडीच्या दुखापतीने बसला होता, तरी ह्यूस्टनने त्याला २ वर्षांसाठी १ कोटी ४० लाख डॉलर देऊ केले तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. ह्यूस्टनला त्याच्या वेगात आणि कर्व्हबॉलमध्ये, म्हणजे वळून खाली येणाऱ्या चेंडूमध्ये, काहीतरी दिसले होते, जे पिट्सबर्गच्या खाली टाकण्याच्या शिस्तीत दबून गेले होते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यातल्या शेवटच्या ४ इनिंग मॉर्टननेच टाकल्या. इतरांच्या टाकाऊतून संघ उभा करणारे पायरेट्स आता स्वतःच इतरांसाठी खाण बनले होते, आणि २०१९च्या हंगामानंतर सीरेज यांनाही निरोप मिळाला.

यावरून मला वाटते की या डावातली खरी हुशारी कमी पैसे देण्यात नसते. कमी पैसे तर कोणीही देईल. जुन्या बाजारात भांडे विकत घेणारा जाणकार पोचे मोजत बसत नाही, ते बोटाने वाजवून धातूचा आवाज ऐकतो, तसे या व्यवहारात सरासरीखाली दडलेले काही ऐकू यावे लागते. २०१५पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानात चेंडूचा वेग, फिरकी आणि मार्ग मोजणारी यंत्रणा बसली आणि हा आवाज ऐकणे सोपे झाले. सरासरी म्हणजे घडून गेलेला निकाल. त्यात क्षेत्ररक्षकाची चूक, वाऱ्याची दिशा आणि दैव सारेच मिसळलेले असते. चेंडूची फिरकी मात्र बऱ्याच अंशी त्या हाताची स्वतःची असते.

रिच हिल हे त्याचे मला सर्वांत प्रिय उदाहरण आहे. २००७मध्ये शिकागो कब्जकडून चांगला खेळलेला हा डावखुरा नंतर ताबा हरवून बसला, त्याच्या खांद्याची आणि मग कोपराची शस्त्रक्रिया झाली, हात आडवा करून टाकण्याचा प्रयोगही त्याने केला. २०१५च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या मायनर संघातूनही त्याची सुट्टी झाली तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. तो लाँग आयलंड डक्स या, मेजर लीगशी संबंध नसलेल्या, संघात गेला. दोन सामन्यांत ११ इनिंग टाकून त्याने एकही धाव दिली नाही आणि २१ फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले. बॉस्टनने त्याला मायनर लीग करार दिला. तिथे ब्रायन बॅनिस्टर, जो स्वतः पूर्वी पिचर होता आणि आता संघासाठी पिचिंगचे विश्लेषण करत होता, त्याच्याजवळ बसला आणि म्हणाला त्याचा मतितार्थ असा की तुझा कर्व्हबॉल या खेळातल्या उत्तम चेंडूंपैकी आहे, तो अधूनमधून टाकण्याची गोष्ट नाही, तोच तुझा मुख्य चेंडू कर, त्याचा वेग बदल, आकार बदल. सप्टेंबरात हिल बॉस्टनकडून ४ सामने खेळला, २९ इनिंगमध्ये ३६ स्ट्राइकआउट घेतले, सरासरी १.५५. ओकलंडने त्याला एका वर्षाचे ६० लाख डॉलर दिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डॉजर्सने ३ वर्षांचे ४ कोटी ८० लाख.

तो कर्व्हबॉल त्याच्याकडे पूर्वीपासून होताच. त्याला शिकवण्यासारखे फार थोडे उरले होते. उरले होते ते कोणीतरी विश्वासाने सांगणे, आणि तेही आकड्यांच्या आधाराने, कारण पस्तिशीतल्या माणसाला नुसत्या धीराच्या शब्दांचा कंटाळा आलेला असतो. उलट कधीकधी सांगणे थांबवण्याचाच गुण येतो. जेक अॅरिएटा बाल्टिमोरमध्ये अंगाला तिरका छेद देत चेंडू टाकत असे आणि तिथे त्याची ही ढब बदलण्याचा प्रयत्न झाला. २०१३मध्ये त्याची सरासरी ७.२३ असताना त्याला कब्जकडे पाठवले, आणि कब्जने त्याला त्याच्या ढबीने टाकू दिले. २०१५मध्ये २२ विजय, १.७७ची सरासरी आणि साय यंग पुरस्कार, जो वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला देतात. गंमत अशी की त्याच्या बदल्यात कब्जने जो स्कॉट फेल्डमन दिला, तोही असाच ६० लाख डॉलरमध्ये एका वर्षासाठी घेतलेला, आदल्या वर्षी ५च्या वर सरासरी असलेला पिचर होता. एका स्वस्त डावातून दुसरा डाव निघाला, आणि त्यातून, १९०८नंतर प्रथमच, २०१६चे विजेतेपद जिंकणाऱ्या संघाचा एक खांब उभा राहिला.

आर. ए. डिकीची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९९६मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या फेरीत निवडून ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. मासिकातल्या एका छायाचित्रात त्याचा हात विचित्रपणे लोंबकळताना संघाच्या वैद्यकीय माणसाला दिसला, तपासणी झाली, आणि ज्या अस्थिबंधासाठी टॉमी जॉनची शस्त्रक्रिया करतात तो डिकीच्या उजव्या कोपरात मुळीच नाही असे आढळले. रक्कम ७५ हजारांवर आली. पुढे वेग चालेना म्हणून त्याने नकलबॉल धरला, जो जवळजवळ न फिरता हवेत डगमगत जातो आणि कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ६ एप्रिल २००६ रोजी त्याने एकाच सामन्यात ६ होमरन दिले आणि नकोशा विक्रमाची बरोबरी केली. २०१०मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला मायनर लीग करारावर घेतले आणि शिबिरातून सर्वांत आधी खाली पाठवले ते त्यालाच. मे महिन्यात गरज पडली म्हणून वर आणले. हंगामअखेर सरासरी २.८४. मग २ वर्षांसाठी ७८ लाख डॉलरचा करार झाला.

जानेवारी २०१२मध्ये डिकी किलिमांजारो चढला. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या देहविक्रयात अडकवलेल्या मुली-स्त्रियांना सोडवणाऱ्या एका संस्थेसाठी त्याला पैसे उभे करायचे होते, आणि १ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमलीही. पुढच्या वर्षी तो आपल्या मुलींना घेऊन मुंबईला जाऊनही आला. मेट्सने मात्र त्याला आधीच पत्र पाठवून बजावले होते की डोंगरावर काही दुखापत झाली, तर त्या वर्षाचे ४२ लाख ५० हजार डॉलर रद्द करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवत आहोत. २०१२च्या त्याच हंगामात त्याने २० सामने जिंकले, २३० स्ट्राइकआउट घेतले आणि साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला नकलबॉल पिचर ठरला. पुरस्कार मिळून दोन महिने होण्याच्या आत मेट्सने त्याला टोरोंटोला देऊन टाकले, कारण त्याचा भाव तेव्हा सर्वांत वर होता. बदल्यात आलेल्यांतला नोआ सिंडरगार्ड २०१५मध्ये मेट्सला वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन जाणाऱ्यांपैकी एक होता. व्यवहार म्हणून तो अचूक होता, हे मला मान्य आहे. तो वाचताना बरे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

येथवर मी जिंकलेलेच डाव सांगितले. टिम लिन्सिकमने २००८ आणि २००९ असे सलग दोनदा साय यंग जिंकले होते. नितंबाच्या शस्त्रक्रियेनंतर २०१६मध्ये एंजल्सने त्याला २५ लाख डॉलर देऊन पाहिले, तो ९ सामने खेळला आणि सरासरी ९.१६ झाली. मॅट हार्वी २०१३च्या ऑल-स्टार सामन्यात आपल्याच मैदानावर पहिला चेंडू टाकणारा मेट्सचा लाडका होता. २०१९मध्ये एंजल्सकडे त्याची सरासरी ७.०९ झाली, आणि २०२१मध्ये बाल्टिमोरमध्ये मायनर लीग करारावरून वर येऊन ६.२७. ही दोन नावे तरी लोकांना आठवतात. ज्यांची नावे कधी गाजलीच नव्हती असे बहुसंख्य पिचर मार्चअखेर शिबिरातून बॅग भरून निघतात आणि त्याची बातमीही होत नाही. पायरेट्सनेच २००८च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना, त्यांनी भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेत वेग दाखवला म्हणून, करार दिला होता. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. पटेल २०१०मध्ये परतला.

कमी जोखीम हे शब्द वर्तमानपत्रे नेहमी संघाच्या बाजूने वापरतात, आणि तिथेच माझी या लेखनाशी तक्रार आहे. संघ असे दहा जण घेतो. नऊ गेले तरी एक लिरियानो सारे भरून काढतो. त्या नऊंतल्या प्रत्येकापाशी मात्र एकच हात, एकच हंगाम आणि वाढते वय असते. २०२३च्या करारात मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवरही किमान वेतन वर्षाला ३५,८०० डॉलर ठरले होते. नावाजलेल्याला याहून बरे मिळते, पण वर आणि खाली यांतली दरी डोळ्यांत भरण्याजोगीच राहते. जोखीम कुठे नाहीशी झालेली नसते. ती पिचरच्या अंगावर ढकललेली असते, आणि त्याला दुसरा पर्याय नसल्यामुळे तो ती आनंदाने घेतो. अलीकडे अशा करारांत ठराविक तारखेपर्यंत वर न घेतल्यास बाहेर पडण्याची मुभा अनुभवी खेळाडूंना मिळते, ही त्यातल्या त्यात न्यायाची गोष्ट आहे, आणि ती मला आणखी सैल झालेली आवडेल.

तरीही हे लोक येत राहतात, आणि त्यांना केवळ पैशासाठी आलेले म्हणता येत नाही. २०२५च्या मे महिन्यात कॅन्सस सिटी रॉयल्सने ४५ वर्षांच्या रिच हिलशी मायनर लीग करार केला. त्याला डॉजर्सचे ४ कोटी ८० लाख केव्हाच मिळून गेले होते. ओमाहाच्या मायनर संघात तरुण मुलांबरोबर तो काही आठवडे खेळला. रॉयल्सचे पिचर जखमी झाले आणि २२ जुलै रोजी त्याला शिकागोत, ज्या कब्जकडून २००५मध्ये त्याने सुरुवात केली होती त्यांच्याच विरुद्ध, उभे केले. तो त्याचा चौदावा संघ, म्हणजे एडविन जॅक्सनच्या विक्रमाची बरोबरी. ५ इनिंगमध्ये ३ धावा गेल्या, त्यांतली एकच त्याच्या माथी लागली, आणि रॉयल्स सामना हरले. आणखी एक सामना खेळवून, जुलै संपण्यापूर्वी, संघाने त्याला यादीतून काढले. रॉयल्सच्या हिशेबात हा डाव फसला असे कोणी लिहिले नाही, कारण त्यात त्यांचे जवळजवळ काहीच गेले नव्हते.